ऐकण्याची पाळी

"आज तुझा एकादशी ना, बाय? मग मी माशाचं नाव काढत नाही," जोझेट म्हणाली, आणि श्वासही न घेता पुढं म्हणाली, "काल बांगडा तळली. फार छान झाली."

"काढलंस ना नाव," सगुणा म्हणाली. "सोड आता प्रकाश. सहा वाजले."

सेंतोदील बेटावर जोझेटनं कळ दाबली, इकडे तिवरा बेटावर सगुणानं. दोन्ही टोकांनी प्रकाशाचा एकेक ठोका समुद्राखालच्या काचेत शिरला आणि दोघींच्या पडद्यांवर हिरवी रेघ सरळ उमटली. केबल ठीक आहे, समुद्र शांत आहे, असा त्याचा अर्थ. एकोणीस वर्षं दोघींचा हा रोजचा नेम होता. इतक्या वर्षांत त्यांनी एकमेकींना समोरासमोर एकदाही पाहिलं नव्हतं, कारण कुठल्याच केंद्रातल्या मुख्य श्रोत्याला बेट सोडून जाण्याइतकी रजा मिळत नसे. जोझेट मराठी शिकली ती सगुणाकडून, नुसती कानानं. त्यामुळे तिच्या मराठीत कोण बाई आणि कोण पुरुष याचा पत्ता नसायचा.

तिवरा हा देश तसा लहानसा. उसाच्या मळ्यांवर राबायला कोकणातून आणलेल्या माणसांनी किनाऱ्यावरची तिवराची झाडं बघून बेटाला ते नाव दिलं आणि पुढं देश झाला तेव्हाही तेच राहिलं. सेंतोदील आणि आसपासच्या आणखी पाच बेट-देशांबरोबर त्याचा सप्तद्वीप संघ होता. इस्पितळ संघाचं, बंदराचा धक्का संघाचा, आणि ही केबलही संघाचीच.

केबल म्हणायचं, पण ती निरोप वाहायला टाकलेली नव्हती, ऐकायला टाकलेली होती. केसाएवढा काचेचा तंतू. काच कितीही शुद्ध केली तरी तिच्यात बारीक खोट राहतेच, आणि अशा प्रत्येक खोटीवरून प्रकाशाचा एखादा कण मागं फिरतो. समुद्राचा तळ कुठं हलला की तिथली काच किंचित ताणते, आणि तेवढ्या ताणानंही मागं फिरणारा प्रकाश बदलतो. तो किती वेळानं परतला यावरून जागा कळते. म्हणजे केबलचा मीटर न् मीटर एक कान. देवमाशांचं बोलणं, जहाजांच्या पंख्यांची घरघर, दगड गडगडल्याचा आवाज, सगळं त्या कानांत पडायचं.

अडचण एवढीच होती की शंभर किलोमीटर गेल्यावर प्रकाश थकतो. दोन बेटांमधली केबल एकशेऐंशी किलोमीटरची. म्हणून दोन टोकं, दोन केंद्रं आणि दोन बायका. त्यातून समुद्राखालचा तो बुडालेला डोंगर, ज्याला तिवराचे कोळी खांड म्हणायचे, तो तिवरापासून एकशेदहा किलोमीटरवर होता. सगुणाचा कान तिथवर पोचायला दहा किलोमीटर कमी पडायचा. खांडीचा उतार ठिसूळ होता. तो घसरला तर जमिनीवरच्या यंत्रांना धक्का जाणवणारही नाही, पण लाट मात्र उठेल. ती कळायची ती फक्त जोझेटच्या टोकाला.

त्या एकादशीच्या दिवशीच दुपारी विभाजन आयोगाचे सचिव परुळेकर टेकडी चढून केंद्रावर आले. सार्वमत होऊन वर्ष उलटलं होतं. तिवरानं अकरा हजार मतांनी संघातून वेगळं व्हायचं ठरवलं होतं, आणि आता दीड महिन्यानं तो दिवस यायचा होता. परुळेकरांनी पाणी घेतलं, घाम पुसला आणि कागद पुढं ठेवला. वेगळं होण्याच्या दिवशी दुपारी बारानंतर केबलमधून सीमेपलीकडचं काहीही तिवराला कळणार नाही आणि तिवराचं तिकडं जाणार नाही, असं लिहून खाली मुख्य श्रोत्यांनी, म्हणजे सगुणानं, सही करायची होती.

"आणि खांड?" सगुणानं विचारलं.

"ती त्यांच्या बाजूला गेली."

"घसरली तर आम्हाला सांगणार कोण?"

"त्यांचं केंद्र त्यांच्या मंत्रालयाला सांगेल. ते आपल्या मंत्रालयाला. मग आपलं मंत्रालय तुम्हाला. चाळीस मिनिटांत बसवतोय आम्ही सगळं."

"लाट चौदा मिनिटांत येते, परुळेकर साहेब."

परुळेकरांनी चष्मा काढला. "ठाऊक आहे मला. म्हणून तर कागद नुसता पाठवला नाही, स्वतः आलो. काय आहे बाई, माघार कुणालाच घेता येत नाहीये. केबल दोघांची राहू दे म्हणालो तर इथले म्हणतील, मग वेगळे झालात कशाला. तेच त्यांनी म्हटलं तर तिकडचे म्हणतील, सोडून गेलेल्यांचे लाड कशाला. तुम्हाला तिसरं काही सुचलं तर लिहून द्या. मराठीतच लिहा. यंत्र साती भाषांत करून देतं."

सगुणाला त्या वेळी काहीच सुचलं नाही. तिच्या डोळ्यांसमोर बंदर होतं. सकाळी दहाच्या सुमाराला लिलाव चालायचा तेव्हा चारशे माणसं पाण्याला लागून उभी असायची, आणि त्या गर्दीत तिचा नवराही असायचा.

*

नवरा धाकोजी मयेकर हा बंदरातल्या होडीमालकांचा पुढारी. वेगळं होण्याच्या बाजूनं बंदर उभं केलं ते त्यानं. संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर सगुणानं त्याला पान वाढलं आणि कागदाचं सांगितलं.

"बंद होतेय ना? बरं झालं," धाकोजी म्हणाला. "समुद्र राखायला टाकली होती की आम्हाला राखायला, ते मला पाच वर्षांपूर्वीच कळलं."

पाच वर्षांपूर्वी संघानं मासेमारीला बंद केलेल्या पाण्यात त्याची 'जानकी' सापडली होती. बंद पाणी कुठलं ते ठरवायला सेंतोदीलमध्ये बैठक झाली होती आणि तिथं तिवराच्या एकाही कोळ्याला बोलावलं नव्हतं. हे खरंच होतं, आणि सगुणालाही ते लागलं होतं. संघाच्या पत्रात दिवस, वेळ, जागा आणि 'जानकी'च्या पंख्याच्या आवाजाचा नमुना, सगळं होतं.

"चार महिने माझी होडी दावणीच्या म्हशीसारखी उभी होती. आणि ते केलं कुणी? तुझ्या त्या बाईनं. रोज सकाळी जिच्याशी हसतेस ना, तिनं."

सगुणा भात वाढायची थांबली. हे त्याला कधी तरी सांगायला हवं होतं. पाच वर्षं ती योग्य वेळ बघत होती.

"तिनं नाही," ती म्हणाली. "त्या दिवशी संघाला कळवायचं काम माझं होतं. मी कळवलं."

धाकोजीचा हात ताटातच राहिला.

"तुमच्या पंख्याचं एक पातं वाकडं होतं. आवाज मी लगेच ओळखला."

"ओळखलास आणि कळवलास?"

"मागं अजून तीन होड्या होत्या. त्यांची नावं द्यायची आणि नवऱ्याचं गाळायचं, हे मला नाही जमलं."

"आणि सांगायला पाच वर्षं लागली."

"ते चुकलं माझं," सगुणा म्हणाली.

तो पान अर्धवट टाकून उठला. हात धुतले, पायरीवर जाऊन बसला. दुसऱ्या दिवसापासून तो घरातल्या मांजरीशी बोलायला लागला. "हिला सांग, मी दुपारचा येत नाही." "हिला विचार, माझा सदरा कुठाय." मांजरी उत्तर द्यायची नाही, सगुणा द्यायची. असे पंधरा-वीस दिवस गेले. पहाटे पूजा, सहाला प्रकाश, घरी मांजरी.

जोझेटला तिनं हे सांगितलं. "माझा नाव राहू द्यायचा होता," ती म्हणाली. "मी लांब आहे. मला राग चालतो."

*

पाडव्याला देव जायचे होते.

धाकोजी आणि त्याचा थोरला भाऊ सखाराम बारा वर्षांपूर्वी वेगळे झाले. घराच्या मधून भिंत आली, होड्या वाटल्या गेल्या, माडही मोजून वाटले. देवांचे चांदीचे टाक तेवढे वाटता येईनात. देवीचं काय अर्धं करणार? मग जुन्या माणसांनी सांगितलं ते केलं, पाळी लावली. पाडव्यापासून पाडव्यापर्यंत देव एका घरी, पुढचं वर्ष दुसऱ्या घरी. भिंत झाल्यापासून भाऊ एकमेकांशी बोलले नव्हते, त्यात सार्वमतात सखाराम दुसऱ्या बाजूला होता. तरी पाळी एका दिवसानंही चुकली नव्हती.

धाकोजीनं आंघोळ करून सोवळं नेसलं, ताम्हनात टाक ठेवले, वर नवं वस्त्र घातलं. मागून दिवा घेऊन सगुणा. भिंतीला वळसा घालून दोघं सखारामच्या दारात गेले. सखारामनं पुढं होऊन ताम्हन हातात घेतलं. भावाकडे बघितलं नाही, देवांकडे बघितलं.

"या," तो देवांना म्हणाला. "वर्षभर सगळं ठीक झालं ना?"

"ठीक झालं त्यांचं," धाकोजीही देवांकडेच बघत म्हणाला. "श्रावणात धाकटीला ताप होता, तेव्हा त्यांना नवस बोललोय. तो फेडायचा राहिलाय."

धाकटी म्हणजे सखारामची नात. सखारामनं मान हलवली. "फेडला जाईल, सांगा त्यांना."

सगुणा दिवा धरून उभी होती. आपला नवरा भावाच्या नातीसाठी नवस बोलला होता हे तिला आत्ता कळत होतं. पण त्यात नवल नव्हतं. तशी रीतच होती. ज्याच्या घरी पाळी, त्यानं दोन्ही घरांचं बघायचं, दोन्ही घरांसाठी दिवा लावायचा. भांडण असो नसो. आणि ज्याची पाळी नाही त्यानं वर्षभर दुसऱ्याच्या दिव्यावर विसंबायचं.

ती घरी आली आणि पाटावर बसूनच परुळेकरांना पत्र लिहिलं. फार लांबलचक नव्हतं. केबल तोडू नये आणि सामाईकही म्हणू नये. तिला पाळी लावावी. दोन्ही टोकांचा प्रकाश चालू राहील, पण दोन्ही टोकांचं वाचन एका वेळी एकाच केंद्रात होईल. ज्याची पाळी, त्यानं दोन्ही देशांसाठी ऐकायचं आणि काही झालं तर मंत्रालयांना न विचारता दोन्ही बंदरांना थेट सांगायचं. दुसऱ्यानं पाळी मध्येच ओढून घ्यायची नाही. पाळीवाल्याचा आवाज अर्धा तास आलाच नाही, तरच घ्यायची. एक वर्ष तुमची, एक वर्ष आमची.

मग थोडा विचार करून तिनं आणखी एक ओळ घातली. पाळीत होड्या मोजायच्या नाहीत. पंख्यांचे आवाज जपून न ठेवता तिथल्या तिथं पुसून टाकायचे.

*

संयुक्त समितीची बैठक पडद्यावर होती. तिवराच्या बाजूला परुळेकर आणि सगुणा, सेंतोदीलच्या बाजूला अध्यक्षा मादाम बेनुआ. सत्तरीच्या, पांढरे केस, नाकावर चष्मा. त्यांच्या मागं दोन अधिकारी. भाषांतराचं यंत्र मध्ये.

मादाम बेनुआंनी कागद दोनदा वाचला. मग पडद्याच्या जवळ आल्या.

"मयेकरबाई, तुमच्या प्रस्तावाचं भाषांतर माझ्यासमोर आहे. मी वाचून दाखवते, चूक असेल तर सांगा. 'केबलला ठरल्याप्रमाणे मासिक पाळी येईल. पाळी ज्या देशाला येईल, त्यानं तेवढे दिवस दोन्ही देशांचा दिवा लावावा. दुसऱ्या देशानं ती ओढून घेऊ नये.'"

मागच्या एका अधिकाऱ्यानं तोंडावर कागद धरला. परुळेकरांनी टेबलाकडे बघितलं. सगुणाच्या कानांपर्यंत रक्त चढलं. ज्या घरात पाळी आली की देवांना शिवायचं नाही, त्याच घरात देवही पाळीनंच येतात. आपल्या भाषेनं दोन्हींना एकच शब्द दिलाय आणि आपल्याला आजवर ते खटकलं नाही, हे तिला पहिल्यांदाच जाणवलं. यंत्राचा काय दोष?

"मादाम, आमच्याकडे पाळी म्हणजे आळीपाळीनं येणारा हक्क," ती हळू आवाजात म्हणाली. "आणि त्याबरोबर येणारं काम. भाऊ वेगळे झाले की देव पाळीनं येतात. दुसरा अर्थ... तोही आहे. पण मी तो लिहिला नव्हता."

मादाम बेनुआ हसायला लागल्या. पोटातून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. सात महिन्यांच्या बोलण्यांत त्या बाजूचं कुणी हसल्याचं परुळेकरांनी पाहिलं नव्हतं.

"म्हणजे नवरा-बायकोसारखं नाही, भावांसारखं," त्या चष्मा पुसत म्हणाल्या. "हे मला बरं वाटतं. काडीमोड काडीमोड ऐकून कान किटले माझे." मग त्या पुन्हा कागदावर वाकल्या. "होड्या मोजायच्या नाहीत, हे आमचे लोक कुरकुरत मान्य करतील. पण वर्ष? वर्षभर तुमच्या कानावर विसंबून झोपायला सांगितलं तर माझ्या देशात कुणी मला निवडून देणार नाही."

"वर्षभर तुमच्यावर विसंबायला आमच्याकडेही," परुळेकर पुटपुटले.

"महिना मात्र चालेल. महिनाभराचा विश्वास ठेवता येतो. यंत्रानं लिहिलंय तेच ठेवू या. मासिक." त्यांनी सगुणाकडे बघितलं. "पहिली पाळी कुणाची?"

सगुणाला हा प्रश्न येणार हे ठाऊक होतं. आपली म्हणावी असं तिला मनापासून वाटत होतं. तिनं परुळेकरांकडे बघितलं. ते म्हणाले, "तुम्हीच सांगा."

"पहिली थोरल्याची असते," ती म्हणाली. "तुमची."

*

वेगळं होण्याच्या दिवशी बंदरात पताका होत्या, ढोल होते. धाकोजीनं भाषण केलं. टेकडीवर सगुणानं बरोबर बारा वाजता वाचन सेंतोदीलकडे दिलं आणि तिचा पडदा काळा झाला.

संध्याकाळी धाकोजी घरी आला. मांजरी दारातच होती, पण तिला ओलांडून तो आत आला.

"ते होड्यांचं कलम," तो म्हणाला. "परुळेकर सांगत होता, तू घातलंस म्हणून."

"हो."

"हं." त्यानं टोपी खुंटीला लावली. "आणि पहिला महिना त्या बाईला दिलास. चारशे माणसांचा जीव परक्या बाईच्या हातात, आणि तू इथं काळ्या पडद्यासमोर जप करत बसणार."

"पुढच्या महिन्यात तिच्या गावाचा जीव माझ्या हातात."

"ती ऐकेल आपल्यासाठी? आपण त्यांना सोडून आलोय, अगो. ढोल वाजवून सोडलंय. मी तिच्या जागी असतो तर पहिल्यांदा माझं गाव वर पाठवलं असतं, मग वेळ उरला तर तुझं."

जोझेटवर सगुणाचा विश्वास होता, पण तो तिचा एकटीचा होता. चारशे माणसांच्या वतीनं ठेवावा इतका तो मोठा आहे का, हे तिला खरोखरच माहीत नव्हतं. पुढचे वीस दिवस ती रोज सहाला केंद्रावर जायची, कळ दाबायची, आणि हिरवी रेघ न बघता परत यायची. बोलण्याची तार सुरू होती, पण पाळीच्या नियमानं त्यावर कामापुरतंच बोलायचं होतं. "प्रकाश सोडला." "पोचला." बस.

*

एकविसाव्या दिवशी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, लिलाव रंगात असताना बंदरातले भोंगे खरखरले. भोंग्यांतून यंत्राचा आवाज यायचा, ठरलेल्या मराठीत. आज बाईचा आला.

"तिवराच्या माणसांनो. मी जोझेट, सेंतोदीलवरून. खांडीचा डोंगर घसरला. लाट येतो. मोठा आहे. तुमच्याकडे चौदा मिनिटं. टोपल्या टाका. म्हातारी माणसं पहिला, मग सगळी. टेकडीवर जा. होडी बाहेर असेल तर बाहेर राहा, घरी येऊ नको."

क्षणभर कुणी हललं नाही. मग कुणीतरी "चला" म्हणालं. धाकोजीनं एका म्हातारीला पाठीवर घेतलं आणि बंदर टेकडीकडे निघालं.

वर केंद्राच्या अंगणात सगुणा दार सताड उघडून उभी होती. बोलण्याच्या तारेवर जोझेट अधूनमधून सांगत होती. "अकरा मिनिटं." "नऊ." तिच्या मागं लोकांचे आवाज होते, तिच्याच गावचे, वर पळणाऱ्यांचे. सेंतोदील खांडीला जवळ. तिच्याकडे लाट सात मिनिटांतच पोचायची होती, आणि तिचं केंद्र टेकडीवर नव्हतं. धक्क्याला लागून होतं.

"जोझेट, तू वर जा," सगुणा म्हणाली.

"सात," जोझेट म्हणाली. "तुमचा सात. माझा आला."

आणि तार बंद झाली.

तिवराला लाट वेळेवर आली. आधी बंदराचं पाणी मागं सरून तळाचा चिखल उघडा पडला, मग काळी भिंत आली. मासळीबाजाराचे खांब, बर्फाच्या पेट्या आणि धक्क्याला बांधलेल्या दोन होड्या तिनं नेल्या. माणूस एकही खाली नव्हता. धाकोजीनं अंगणात फिरून नावं घेतली, दोनदा घेतली, मग तो आत आला.

सगुणा काळ्या पडद्यासमोर बसली होती. हात मांडीवर होते. पडद्याखाली पाळी घ्यायची कळ होती.

"बोलली का ती?"

"नाही. तेरा मिनिटं झाली."

धाकोजीनं कळीकडे बघितलं. "हे दाबलं की तिकडचं ऐकू येईल ना तुला? कुणी चालतंय, हलतंय?"

"येईल. दोन्ही टोकांचं."

"मग दाब. बघ ती आहे का."

"दाबलं की तिचा पडदा काळा होतो," सगुणा म्हणाली. "ती अजून तिथं बसलेली असली तर? दुसरी घसरण ऐकायलाच थांबली असेल ती. मी इथून घेतली तर तिला कळणारही नाही की तिच्या हातातून गेली. तिच्या गावचे लोक खाली उतरतील आणि ती त्यांना थांबवू शकणार नाही."

"आणि नसली तर?"

"तर सतरा मिनिटांनी मी घेईनच. आपले लोक तोवर वरच आहेत."

पाच वर्षांपूर्वीही ती अशीच बसली असेल, असं काहीतरी धाकोजीच्या मनात येऊन गेलं असावं. त्यानं स्टूल ओढलं आणि तिच्या शेजारी बसला. भिंतीवरचं घड्याळ दोघं बघत होते. सगुणाचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. अठरा मिनिटं. बावीस. अंगणात एक मूल रडायला लागलं आणि कुणीतरी त्याला गप्प केलं. सव्वीस. सगुणानं मांडीवरचा हात उचलून टेबलावर आणला, कळीपासून वीतभर लांब ठेवला.

अठ्ठाविसाव्या मिनिटाला तार खरखरली.

"तिवरा. जोझेट. दुसरा घसरण नाही. लोकांना अजून एक तास वर ठेव."

सगुणानं टेबलावरचा हात मागं घेतला. धाकोजीनं तिच्या पुढून हात घालून बोलण्याच्या तारेचं बटण दाबलं.

"बाई, मी धाकोजी. हिचा नवरा. तुम्ही बऱ्या आहात ना?"

"भावोजी," जोझेट म्हणाली. हा शब्दही तिनं सगुणाकडूनच कधीतरी उचलला असणार. "मी टेबलावर उभी. पाणी गुडघा आहे. यंत्र वरती आहे, कोरडी आहे. बोलायचा तार तुटली होती, मी दातांनी जोडली."

"तुमच्याकडे माणसं?"

"सगळी वर. आजी एक पडली, पाय मोडला. बाकी ठीक."

"होड्या?"

"धक्क्यावरची सगळी," जोझेट म्हणाली. "तेवीस."

धाकोजीनं बटण सोडलं. तेवीस होड्या म्हणजे काय, ते त्या खोलीत त्याच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. तो उठला, अंगणात गेला आणि कमरेचा बिनतारी संच काढून बाहेर समुद्रात असलेल्या होड्यांना हाका मारायला लागला. 'जानकी'त डिझेल किती? बर्फ फेकून द्या, जागा करा. अजून कोण कोण बाहेर आहे? नाही, घरी नाही यायचं. पूर्वेला चला, सेंतोदीलला, मदतीला.

सगुणा दारात आली. "अहो, मध्ये सीमा आहे आता. परवाना लागेल."

"लागेल ना. तू परुळेकराला लिही." तो संच कानाला लावूनच म्हणाला. "आणि तिला विचार, त्यांच्या धक्क्याला गाळ किती चढलाय. होड्या कुठं लावायच्या ते कळू दे."

सगुणा आत गेली आणि तिनं विचारलं.